गोलाला पाठ नसते

साशंक : ताई, उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या बागेचा इतिहास लिहायचा म्हणता, तर आधी मला बाग दाखवा. बाग म्हणजे कुणीतरी कागदावर आखलेली, झाडं निवडून लावलेली, माळी नेमलेली जागा. दादरच्या पारशी कॉलनीतल्या पाच बागा घ्या. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधार ट्रस्ट निघाला, दाटीतून लोकांना बाहेर काढायला त्याने नव्या वस्त्या आखल्या आणि त्या आखणीतच बागांची जागा धरली. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी उघडलं, आधी माहीम पार्क या नावाने. तिथला इतिहास लिहिता येतो, कारण तिथे काय असावं हे कुणीतरी ठरवलं होतं. आपल्याकडे कुणी काय ठरवलं? इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ फौजांच्या मुक्कामासाठी तळ उभारला. दोन हजारांवर बराकी, पाच कॅम्प. फौजी तळात दोन बराकींमध्ये अंतर सोडतात ते आग पसरू नये, ट्रक फिरावेत, कवायत व्हावी म्हणून. कुणी सावलीला बसावं हा त्यात हेतूच नसतो. युद्ध संपलं, तळ ओस पडला. मग फाळणी झाली, सिंधमधून लाखाच्या घरात माणसं आली आणि त्याच बराकींत कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. या सगळ्यात ज्याला तुम्ही बाग म्हणता, ती बांधायची राहून गेलेली जागा आहे. उरलेल्या जागेला इतिहास नसतो, ती फक्त उरलेली असते.

आग्रही : उरलेल्या जागेलाच इतिहास असतो, दादा. बांधलेल्या जागेचा हिशेब मालकाकडे असतो. उरलेल्या जागेत काय झालं हे सगळ्यांना थोडं थोडं आठवतं. बराकीच्या आत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मधोमध लांब हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. त्या हॉलमध्ये एकेका कुटुंबाला काही फूट जागा, आणि मध्ये गोणपाटाचे नाहीतर चादरींचे पडदे. एकाचं पोर खोकलं की दुसऱ्याची म्हातारी जागी व्हायची. भांडण, बाळंतपण, मरण, सगळं त्या पडद्यापलीकडे ऐकू जायचं. अशा घरातल्या माणसाला बाहेरची मोकळी जागा म्हणजे घराचाच राहिलेला भाग. माझी आजी दोन बराकींच्या मध्ये खाट टाकायची आणि तिच्यावर पापड वाळत घालायची. उडदाचा सिंधी पापड, जाडसर मिऱ्याचा. उन्हात तो कडेने आधी वळतो, मधला भाग ओला राहतो. दुपारी बाराच्या सुमाराला ती एकेक पापड दोन बोटांनी उचलून उलटा करायची आणि वळलेली कड तळव्याने हळूच दाबून सपाट करायची. कावळे येऊ नयेत म्हणून शेजारी काठी. संध्याकाळी पापड डब्यात जायचे आणि त्याच खाटेवर आजोबा झोपायचे, उन्हाळाभर. त्या पापडांवर घर चाललं, माझ्या वडिलांची शाळेची फी गेली. आता मला सांगा, ती जागा कारखाना होती, अंगण होतं की बाग? शिवाजी पार्कात माणूस घरातून निघून फिरायला जातो. इथे घरात मावत नव्हतं म्हणून माणूस बाहेर राहत होता. परक्या मुलखात आलेल्या लोकांची मोकळी जागा अशीच असते. तिचा इतिहास लिहायचा तर माळ्याच्या वहीत शोधून भागणार नाही.

साशंक : आजीची खाट मला पटते. पण मग ती खाट होती ती जागा आता कुठे आहे, तेही सांगा. इथला इतिहास जितका मोकळ्या जागेत जगण्याचा आहे, तितकाच तो मोकळी जागा गिळण्याचा आहे. तुम्ही पहिलं प्रकरण लिहाल आणि दुसरं गाळाल, अशी माझी भीती आहे. पहिल्यांदा दारापुढे ओटा आला. ओट्यावर पावसासाठी पत्रा. पत्र्याखाली तीन बाजूंनी विटा. त्या खोलीचं तोंड रस्त्याकडे, म्हणून तिथे दुकान. दुकानावर पोटमाळा, पोटमाळ्यावर स्लॅब, आणि मग बराक पाडून चार-पाच मजले. ‘वाढीव बांधकाम’ हा शब्द आपल्याकडे लहान पोरालाही कळतो. बाहेर मोकळी जागा होती म्हणूनच वाढायला जागा होती. शेवटी उच्च न्यायालयाला ८५५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश द्यावा लागला आणि त्या पाडणं जमेना म्हणून २००६ मध्ये राज्य सरकारला खास उल्हासनगरसाठी नियमितीकरणाचा वेगळा कायदा करावा लागला. एका शहरासाठी वेगळा कायदा! आणि २०२१ च्या मे महिन्यात एकामागोमाग दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, त्यातली एक इमारत आपल्याच कॅम्पातली. हा सगळा त्या दोन बराकींमधल्या अंतराचा इतिहास आहे.

आणि आकडे बघा. शहराचं क्षेत्र सुमारे १३ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत माणसं ५,०६,०९८. भागाकार केला तर माणशी पंचवीस-सव्वीस चौरस मीटर जमीन येते, म्हणजे घर, रस्ता, दुकान, शाळा, गटार, स्मशान सगळं धरून एवढीच. केंद्र सरकारची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की शहरात माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी. ती ठेवायची तर सगळ्या शहराचा चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त भाग रिकामा करावा लागेल. कुणाला उठवणार? अशा शहरात बागेचा इतिहास सांगणं म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचा इतिहास सांगणं.

आग्रही : उपाश्यालाच जेवण आठवतं. पण तुमचा मुद्दा मी टाळत नाही. खाटेची जागा आम्हीच खाल्ली. माझ्या काकांनी ओटा घातला तेव्हा मी विटा उचलून दिल्या आहेत. तो लोभ नव्हता. पडद्याआड दोन भावांचे संसार होते, तिसऱ्याचं लग्न ठरलं होतं. सरकारने नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा केला १९५४ मध्ये, खोल्या हळूहळू नावावर झाल्या, सनदा निघाल्या. खोलीच्या बाहेरची जमीन मात्र कुणाची, हे वर्षानुवर्षं प्रांत ऑफिसच्या कपाटात राहिलं. ज्या जमिनीचा मालक कधी समोर येत नाही, तिच्यावर शेजारी पाय ठेवतोच. याच सिंधी लोकांसाठी कच्छमध्ये भाई प्रतापांनी गांधीधाम उभं केलं. तिथे महारावांनी १५,००० एकर जमीन दिली, शहर आधी कागदावर आखलं आणि मग माणसं वसवली. आमच्याकडे माणसं आधी आली. त्यामुळे गांधीधाममध्ये कुणी मोकळी जागा जपली यात काही विशेष नाही, ती जपायला नकाशा होता. इथे जी जागा नकाशाविना, पहारेकऱ्याविना उरली, तिचं कोडं मोठं आहे. मी इतिहास म्हणते तो या कोड्याचा. सगळं गिळलं गेलं, मग काही जागा का गिळल्या गेल्या नाहीत?

गोल मैदान घ्या. पत्ता उल्हासनगर-१ असाच लिहितात. त्याच्या सभोवतीची जमीन कुठल्या भावाने जाते तुम्हाला माहीत आहे. तरी तो गोल आहे. मी खूप वर्षं विचार केला, आणि मला त्याचं उत्तर त्याच्या आकारात सापडतं. चौकोनी मैदानाला एक मागची बाजू असते. तिथे भिंतीला टेकून आधी भंगार पडतं, मग टपरी येते, मग टपरीला दार. समोरच्या बाजूने पाहणाऱ्याला काही दिसतच नाही. गोलाला पाठ नसते. चारी बाजूंनी रस्ता फिरतो आणि प्रत्येक घराचं, प्रत्येक दुकानाचं तोंड त्याच्याकडे असतं. एकाने पाऊल पुढे टाकलं तर उरलेल्या सगळ्यांच्या दारात पाऊल टाकल्यासारखं होतं. कुणाचंच अंगण नाही, म्हणून कुणाला ते आपल्या अंगणात ओढता आलं नाही. हे कुणी मुद्दाम केलं असेल-नसेल. पण नजर हाच त्याचा पहारा होता, असं मी म्हणते. शेजाऱ्याचा मत्सरही त्या पहाऱ्यात धरा हवं तर.

साशंक : गोलाला पाठ नसते हे मला आवडलं, आणि म्हणूनच त्याच्यावर जरा जोर देऊन बघतो, टिकतं का. नजरेने जागा वाचत असती तर वालधुनी वाचली असती. नदी तर सगळ्यांनाच दिसते, लोकलच्या दारातूनही दिसते. तिचा नाला झाला तो सगळ्यांच्या देखत झाला. गोल मैदान वाचलं ते वेगळ्या कारणाने. ते मोठं आहे आणि भरता येतं. या शहरात सभा घ्यायची, सत्संग भरवायचा, चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, मांडव घालायचा, निवडणुकीत ताकद दाखवायची, तर गर्दी मावेल अशी जागा लागते. ज्यांच्या हातात अतिक्रमण होऊ देणं किंवा थांबवणं होतं, त्यांनाच ती रिकामी हवी होती. साध्या माणसाच्या नजरेपेक्षा मोठ्या माणसाच्या गरजेने ती राखली. हे खरं असेल तर पुढची काळजी करा. सभा एसी हॉलमध्ये जायला लागल्या, सत्संग मोबाइलवर दिसू लागला, तर उद्या मोठ्या माणसाला रिकाम्या मैदानाची गरज काय उरेल? त्या दिवशी तुमचा गोल आकार किती दिवस पुरेल?

आणि आणखी एक बोलायचं आहे, जरा कडू आहे. तुमचा इतिहास १९४७ च्या गाडीने आणि कराचीच्या बोटीने सुरू होतो. तळासाठी जमीन घेतली तेव्हा ती ओसाड होती असं सगळीकडे लिहितात. ओसाड कुणासाठी? माझी आई आगरी घरातली. तिच्याकडे ओसाड असा शब्दच नव्हता. भाताची जमीन, गवताची जमीन, गुरांची जमीन अशी नावं होती. त्याच महायुद्धात जवळच नेवाळीला विमानतळासाठी शेतजमिनी घेतल्या. युद्ध सरलं, विमानतळ राहिला नाही, जमीनही परत मिळाली नाही. नातवंडांच्या पिढीपर्यंत लोक म्हणत राहिले की आमची जमीन द्या. २०१७ च्या जूनमध्ये नौदलाने तिथे भिंत घालायला घेतली आणि आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या, गोळीबार झाला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या मोकळ्या जागेसाठी! तुम्ही ज्याला उरलेली जागा म्हणता, ती कुणाच्या तरी हातातून गेलेली जागा आहे. बागेत फलक लावून तिथे फक्त सिंधी विस्थापितांची कहाणी लिहिलीत, तर आधी विस्थापित झालेल्यांना दुसऱ्यांदा उठवल्यासारखं होईल.

आग्रही : नाही, दादा, ते मान्य आहे. आमच्या घरी ‘खाली कॅम्प मिळाला’ असंच म्हणायचे. खाली कसा झाला हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायची ताकद नव्हती. घर सोडून आलेल्या माणसाला दुसऱ्याचं गेलेलं घर दिसायला दोन पिढ्या लागतात. मला आता दिसतं. पण याचा अर्थ फलक लावू नये असा मी काढत नाही.

तुम्हाला कोल्हापूरचं सांगते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. सैबेरियातून फिरत फिरत आलेली. ती गेली, आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं. तेच आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ. आता कोल्हापूर शहरात महावीर उद्यानात जा. तिथे पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ उभा आहे. लोक त्याच्या सावलीत बसतात, पोरं आईबापांना विचारतात की हे काय लिहिलंय. पाच वर्षं राहून परत गेलेल्या माणसांना एका बागेने आठवणीत ठेवलं. त्याच बराकींत पंचाहत्तर वर्षं राहिलेल्यांची ओळख मात्र सगळीकडे एकच, की तिथे कापड स्वस्त मिळतं. पोलिश लोकांचा मला हेवा वाटत नाही. कोल्हापूरने केलं ते फार चांगलं केलं. पण जो जातो त्याची आठवण ठेवणं सोपं असतं, तो काही मागत नाही. जो राहतो तो नळाचं पाणी मागतो, दुकानाचा गाळा मागतो, मतदान करतो. त्याच्याशी रोजचा व्यवहार असतो, म्हणून त्याच्या नावाने दगड उभा करावासा कुणाला वाटत नाही. आपल्या पट्ट्यात इतिहास म्हटलं की सगळे अंबरनाथच्या देवळाकडे बोट दाखवतात. शके ९८२ चा शिलालेख आहे, तो इतिहासच आहे. पण ज्यांच्याकडे गोणपाटच होतं, त्यांच्या इतिहासाला दगड कुठून येणार? तो मोकळ्या जागेतच लिहावा लागतो.

साशंक : मग त्या जागेचं तुम्ही काय करणार, ते बोलू. कारण ‘इतिहास लिहायचा’ म्हणणारे लोक पुढे ‘सुशोभीकरण करायचं’ म्हणतात, आणि तिथे माझा जीव घाबरतो. परदेशातून आलेल्या गरिबांच्या वस्तीत बाग कशी झाली याचं जगातलं ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. मलबेरी बेंड नावाची वळणावरची गल्ली, इटलीहून आलेल्या मजुरांनी गच्च भरलेल्या चाळी. जेकब रीस नावाचा पत्रकार, तो स्वतः डेन्मार्कहून आलेला, त्याने त्या चाळींचे फोटो काढले, वर्षानुवर्षं लिहिलं की हे पाडा, इथे उजेड येऊ द्या. शेवटी पाडल्या, १८९७ मध्ये तिथे बाग झाली. मनापासून केलेलं काम होतं, शंका नाही. पण चाळीत राहणारे गेले कुठे? दुसऱ्या चाळीत. बाग ज्यांच्यासाठी झाली ते बागेच्या वेळी तिथे नव्हते. आणि रीसनेच नंतर लिहून ठेवलंय की बाग तयार झाल्यावर तो आनंदाने हिरवळीवर चालला, तर पोलिसाने त्याच्या पाठीत छडी मारली. हिरवळ काय चालायला असते का, म्हणून! ज्याच्या धडपडीने बाग झाली त्याला बागेत चालायची बंदी.

आपल्याकडेही तसंच होतं. मोकळ्या जागेला आधी कंपाउंड पडतं. मग गेट, गेटला कुलूप, सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते नऊ अशी पाटी. मग आत फरशी, लोखंडी व्यायामाची यंत्रं, रंगीत कारंजं, आणि उद्घाटनाचा संगमरवर. क्रिकेटची पोरं बाहेर, भेळवाला बाहेर, दुपारी पाठ टेकणारा हमाल बाहेर. शहाडचं बिर्ला मंदिर बघा. विठोबाचं देऊळ, सभोवती सुरेख बाग. माझे वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते, आम्ही पोरं हिरवळ बघायला तिथेच जायचो. आषाढीला पंढरपूर न जमणारे लोक तिथे रांग लावतात. ती जागा मला प्रिय आहे. पण तिथे आम्ही शर्ट खोचून जायचो, हळू बोलायचो. मैदानात कधी शर्ट खोचला नाही. मला मैदान मैदानच राहायला हवं. धूळ उडू द्या, पण कुणाला विचारून आत जावं लागू नये.

आग्रही : दादा, कुणाला विचारून आत जावं लागू नये, हे वाक्य तुम्ही पुरुष म्हणून बोललात. रागावू नका. मी साठ वर्षं या कॅम्पात राहिले. त्या मैदानाभोवती हजारदा फिरले असेन. मधोमध किती वेळा उभी राहिले ते विचारा. लहानपणी, फ्रॉकमध्ये होते तोवर. मग थांबलं. कुणी बंदी केली नव्हती, पाटी नव्हती, पोलीस नव्हता. मुलं खेळायची, पुरुष गप्पा मारायचे, आणि बायका कडेच्या रस्त्याने भाजीची पिशवी घेऊन भराभर जायच्या. तुम्ही म्हणता तुम्हाला मैदानात शर्ट खोचावा लागला नाही. आम्हाला ओढणी सावरावीच लागली. तुमच्या धुळीच्या स्वातंत्र्यात अर्धा कॅम्प कधी आलाच नाही.

बाई मोकळ्या जागेत कधी येते ते सांगते. बसायला बाक असेल, दिवा असेल, जवळ स्वच्छ संडास असेल, पाण्याचा नळ असेल, आणि आत कुणीतरी नेमलेलं माणूस असेल तेव्हा. यातलं एकही नसेल तर ती वीस मिनिटं चालून परत जाते, त्यालाच आपण मॉर्निंग वॉक म्हणतो. कंपाउंडला तुम्ही घाबरता, पण ज्या बागेला कंपाउंड आलं तिथे संध्याकाळी सातला मी म्हाताऱ्या बायकांचे घोळके पाहिलेत. पायातल्या चपला काढून, बाकावर मांडी घालून बसलेल्या. सिंधीत बोलणाऱ्या, मराठीत बोलणाऱ्या, एकमेकींच्या सुनांचे दोष सांगणाऱ्या. त्या बायका आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर रिकाम्या बसल्या होत्या. माझी आजी बाहेर बसली, पण पापड उलटे करत बसली. बागेचा अर्थ मला तिथे कळला. काम न करता बाहेर बसता येणं. तुमच्या न्यूयॉर्कच्या बागेचंही पुढचं सांगा ना. त्या बागेला नंतर कोलंबसचं नाव दिलं, इटालियन पांगले, चिनी आले. आज तिथे चिनी म्हातारे पट मांडून बसतात आणि बायका पत्ते खेळतात. रीसला छडी बसली, पण बाग राहिली, आणि जे तिच्या आखणीत नव्हते त्यांच्या उपयोगी पडली.

साशंक : बायकांचं म्हणालात त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी मैदान म्हणताना सगळ्यांचं म्हणत होतो, आणि ते सगळे कोण हे पाहिलं नव्हतं. हे मी मागे घेतो. पण मग कुलपाचा प्रश्न आणखी अवघड होतो, सुटत नाही. सकाळी नऊ ते दुपारी चार बाग बंद असते. त्या वेळात तिची गरज कुणाला असते? जो बाजारात हातगाडी ओढतो, जो कारखान्यात रात्रपाळी करून आलाय आणि दहा जणांच्या खोलीत त्याची झोपायची पाळी यायचीय. तो उत्तर प्रदेशचा आहे, बिहारचा आहे, मराठवाड्याचा आहे. आज एका खोलीत कापडाचा पडदा लावून तो राहतोय. तुमच्या आजीचं आयुष्य आज तो जगतोय, ताई. आजीच्या आठवणीची बाग करून तिचं गेट आपण त्याच्या तोंडावर बंद केलं, तर त्या फलकावर काहीही लिहा, ते खोटं होईल.

आणि कुंपण घातल्याने जागा वाचते, हेही पुरतं खरं नाही. कायदा बघा. आराखड्यात बागेचं आरक्षण पडलं तरी दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण गळून पडतं. नगररचना कायद्याचं १२७ वं कलम. म्हणजे कागदावर हिरवा रंग आहे म्हणून झोपून चालत नाही. कुणीतरी सारखं मागे लागावं लागतं. पूर्वी मागे लागायला आजूबाजूची नजर होती, असं तुम्ही म्हणालात. कुंपण आलं की नजर थांबते. लोक म्हणतात, पालिका बघेल.

आग्रही : इथे तुम्ही मला अडवलंत. कुंपण आलं की नजर थांबते. हे खरं असेल तर गोलाला पाठ नसते हे माझं म्हणणं कुंपणाने मोडतं. कुंपणाला आत आणि बाहेर येतं, आणि बाहेर आलं की पाठ आली. मग बाईला बसता यावं म्हणून जे करायचं, त्यानेच जागेचा पहारा उठतो. मला दोन्ही हवंय आणि दोन्ही एकत्र कसं बसतं ते दिसत नाही. गुडघ्याएवढा कट्टा घाला, वर जाळी नको, असं मनात येतं. ओलांडता येईल पण टपरी लोटता येणार नाही इतका. बसायलाही होईल. पाणी मुरायला जमीन मातीचीच ठेवा. २६ जुलै २००५ ला वालधुनी कुठवर चढली ते आपण दोघांनीही पाहिलंय. फरशी घातली की ते पाणी कुणाच्या तरी घरात जातं.

साशंक : कट्टा मला चालेल. फलकाचं मात्र अजून राहिलं. पहिली ओळ १९४९ ची नको.

आग्रही : मग कुठली?

साशंक : ज्या गावांच्या जमिनी तळात गेल्या त्या गावांची नावं. त्याखाली सिंधमधली गावं, सक्कर, शिकारपूर, लारकाना, जी तुमच्या लोकांना आठवतात ती. त्याखाली आज येतायत त्यांची. गावांचीच नावं फक्त, पुढाऱ्यांची नकोत.

आग्रही : हे मला मान्य आहे. आणि दुपारी उघडं ठेवायचं हेही मान्य आहे. पण दुपारी उघडं, रात्री दिवे, संडास साफ आणि बायकांना निर्धास्त वाटावं, तर दिवसातून तीन पाळ्यांना माणूस लागतो. तिकीट लावलं तर तुमचा हातगाडीवाला येणार नाही.

साशंक : तिकीट नाहीच लावायचं.

आग्रही : मग एखाद्या दुकानदाराने, एखाद्या ट्रस्टने पगार दिला तर वर्षभरात त्याच्या नावाची कमान उभी राहील. पालिकेने दिला तर ठेकेदार येईल, आणि ठेकेदाराचा माणूस दुपारी कुलूप लावून जेवायला जाईल. दादा, त्या माणसाचा पगार कुणी द्यायचा?

साशंक : गोलाभोवती जेवढी दारं आहेत तेवढ्यांनी, असं म्हणावंसं वाटतं. पण मग ती दारंच मालक होतील ना?

आग्रही : होतील. तीच तर मला भीती आहे.